सोलापूर सरकारचं एकुलतं विमान

राज्य चालवायला किल्ला, खजिना, फौजफाटा लागतो असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. साफ खोटं आहे! एक बाकडं, एक पाण्याचा तांब्या आणि डोक्यावर बाभळीची सावली एवढ्यावर उत्तम राज्य चालतं. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण माझे थोरले साडू अक्कलकोट रस्त्यावरच्या जकात नाक्यावर बसून हयातभर एक अख्खं राज्य चालवत होते. राज्याचं नाव सोलापूर सरकार. राजधानी अर्थातच सोलापूर. हे राज्य कुठल्या नकाशात नव्हतं ही त्यांच्या मते नकाशावाल्यांची चूक. म्युनिसिपालटी त्यांना कारकून समजून पगार देत होती आणि ते तो घेत होते, एवढंच.

या राज्याचा उगम असा. सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला तेव्हा आतल्या शिबंदीनं आणखी थोडे दिवस तग धरला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न त्यांना कुठल्याशा दुपारी नाक्यावर पडला. गाड्या येत नव्हत्या, ऊन मी म्हणत होतं. दुसरा कुणी घोरत पडून प्रश्न विसरला असता. हे गृहस्थ उत्तर शोधत बसले. उन्हाळा आला असता, तळ्याचं पाणी आटलं असतं, गोऱ्या पलटणीत हगवण सुरू झाली असती, साहेब कंटाळून निघून गेला असता, आणि मग आजतागायत आपलंच राज्य. तिथून पुढं दर दुपारी ते त्या राज्याचा एकेक प्रश्न सोडवू लागले. नाक्यावर थांबलेल्या गाडीवानांना राज्यकारभार ऐकून घ्यावाच लागे. "आमच्या सरकारात जोंधळ्यावर जकात न्हवतीच ठेवलेली," ते पावती फाडता फाडता सांगत. गाडीवान म्हणे, "लई ब्येस केलं की मालक! मग ही पावती कशापायी फाडताय?" त्यावर साडू सुस्कारा टाकून म्हणत, "सध्या तात्पुरता इंग्रज आहे ना बाबा."

आता हा मनुष्य थापाड्या होता असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन. थाप मारणं सोपं असतं. यांच्या राज्यात कडक नियम होता, की जे घडू शकलं नसतं ते घडवायचं नाही. मी एकदा गमतीनं म्हणालो, "साडूभाऊ, एखादं बंदर घ्या की आपल्या राज्याला. आरमार ठेवू." केवढे संतापले! "सोलापूरला समुद्र कुठाय? काहीतरी काय बोलता? वकिलांच्या संगतीत राहून तुमची जीभ सैल झालीये." मी कोर्टात कारकून होतो, वकिलांचे कागद इकडून तिकडे नेत होतो. त्यांच्या सरकारात मात्र मला न्यायखात्याचा मुख्य नेमलं होतं. आमचे खरे साहेब माझ्यावर डाफरले, की संध्याकाळी भवानी पेठेत साडूंच्या ओट्यावर जाऊन बसावं. "या, न्यायमूर्ती," असं ते गंभीरपणे म्हणत आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटे. त्यांच्या शेजारच्या विणकराला त्यांनी रंगखात्याचा दिवाण केलं होतं. तो बिचारा घरी तेलुगू बोलणारा, दिवसभर मागावर खटखट करणारा माणूस. पण दिवाणगिरी मिळाल्यापासून साडूंशी बोलताना पटका नीट करून यायचा.

या राज्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, आणि आम्ही हसतही होतो. पण एका गोष्टीला घरात कुणी हसत नसे. साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दुसऱ्या बाळंतपणात गेली. मूल आडवं आलं होतं. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मिरजेच्या डॉक्टरांना तार करा म्हणून सांगितलं. ते बिचारे तार मिळताच निघाले, पण मिरजेची छोटी गाडी कुर्डुवाडीला पोचली तेव्हा सोलापूरची मोठी गाडी नुकतीच हलली होती. रात्रभर ते कुर्डुवाडीच्या फलाटावर पेटीवर बसून होते. सकाळी आले तेव्हा इथं काही उरलं नव्हतं. मागं राहिली ती लहानगी सुमी. साडूंनी दुसरं लग्न केलं नाही. पोरीची वेणी घालायला शिकले, भाकरी थापायला शिकले आणि नाक्यावर जाताना तिला शाळेत सोडू लागले. तुम्हाला म्हणून सांगतो, सोलापूर सरकारची स्थापना ही त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यातली.

सुमी मोठी झाली, पुण्याचं स्थळ आलं, पसंती झाली. आणि आमच्या घरातल्या बायकांत रुखवताची चर्चा सुरू झाली. मुलीकडच्यांनी मांडवात मांडायचे लाडू, चिरोटे, साखरेची फळं, विणलेले रुमाल, मण्यांची तोरणं, हे सगळं आई करते, आईच्या हाताखाली मुलगी करते. वऱ्हाडातल्या बायका मग ते डोळे बारीक करून बघतात आणि त्यावरून मुलीची, तिच्या आईची, आईच्या आईची किंमत ठरते. आमच्या एक चुलतसासूबाई होत्या. त्या साडूंच्या देखत म्हणाल्या, "आईवेगळी पोर. रुखवतात काय मांडणार, जकातीच्या पावत्या?" माझी बायको पदर खोचून उत्तर द्यायला उठली होती, पण त्याआधी साडूच बोलले. "रुखवतात अशी वस्तू मांडीन की सोलापुरात कुणी मांडली नसेल. आणि ती मी माझ्या हातानं करीन. तिला आई नाही, पण बाप अजून मेलेला नाही." एवढं बोलून ते चपला घालून नाक्यावर निघून गेले. सुमी आत चुलीपाशी बसली होती. तिनं ऐकलं होतं. आता ही वस्तू झाली नाही, किंवा झाली आणि तिचं हसं झालं, तर चारचौघांत मान खाली जायची ती त्या पोरीची.

चार दिवसांनी त्यांनी मला ओट्यावर बोलावून सांगितलं, "न्यायमूर्ती, सरकारनं विमान बांधायचं ठरवलंय."

यामागं एक पूर्वपीठिका आहे. आदल्या वर्षी गावाबाहेरच्या माळावर एक विमान उतरलं होतं. सगळं सोलापूर लोटलं. लोक माना वर करून पाहत होते, पोरं ओरडत होती, म्हाताऱ्या नमस्कार करत होत्या. माझे साडू मात्र विमानाच्या पोटाखाली सुतळी घेऊन शिरले होते. चाकापासून शेपटापर्यंत एक गाठ, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुसरी गाठ. चालवणारा गोरा हसत उभा होता. त्याला वाटलं असेल, हा खेडवळ मनुष्य विमानाला दावं बांधतोय. ती गाठींची सुतळी साडूंनी खुंटीला जपून ठेवली होती. आता ती खाली उतरली, आणि फुटाला इंच या मापानं काम सुरू झालं.

सांगाडा बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कांबींचा. धड पांगाऱ्याच्या लाकडाचं, कारण ते हलकं. चाकं मागावरच्या जुन्या बॉबिनची. पुढचा पंखा त्यांनी एवढा घासला, की फुंकर मारली तरी गरगरायचा. जाणारा येणारा थांबून फुंकर मारून जाई आणि साडू त्याच्याकडे मालकाच्या नजरेनं बघत. हे सगळं कुणीही कारागीर करील. खरा प्रश्न रंगाचा होता, आणि तिथं माझ्या साडूंनी माझं डोकं उठवलं. इंग्रजांच्या विमानावर तीन रंगांची चकती असते. पण हे इंग्रजांचं विमान नव्हतं. सोलापूर सरकार आजवर टिकलं असतं, तर त्याच्या विमानाचा रंग कुठला असता? मी म्हणालो, "भगवा." ते म्हणाले, "तो सगळ्यांचाच. सोलापूरचा स्वतःचा काय?" मग स्वतःच म्हणाले, "हे विणकरांचं गाव. इथल्या सरकारचं निशाण मागावरच निघालं असतं. विमानाला काठ पाहिजे आणि पदर पाहिजे."

"विमानाला पदर?" मी किंचाळलोच.

"मग काय नागडं उडवणार?"

विणकर दिवाणाला बोलावणं गेलं. तो विमानाभोवती फिरला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मालक, काठ पंखाच्या कडंला घ्या. पदर शेपटाला येतोय बगा. उडताना मागं पदर दिसला पायजे." हा ठराव एकमतानं मंजूर झाला. चकतीच्या जागी पिवळ्या वर्तुळात जोंधळ्याचं कणीस आणि विणकराचा धोटा. शेपटावर मोडीत अक्षरं, 'सोलापूर सरकार, हवाई पागा'. मोडी का, तर आपलं राज्य असतं तर दप्तरात मोडीच असती. त्या काळात सोलापुरात 'सरकार' हा शब्द जपून वापरायचा होता. मी म्हणालो, "अहो, कुणी चहाडी केली तर तुम्ही आत जाल. कलम कुठलं लागेल ते मी सांगतो." ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडेच न्यायखातं आहे. सोडवा."

पंखांवर ताणायला कापड हवं होतं. एका रविवारी साडू आमच्या घरी आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "ताईचं लुगडं तुमच्याकडे आहे ना? अंजिरी, रुईफुली काठाचं?" बहीण गेल्यापासून ते लुगडं आमच्या ट्रंकेत तळाशी होतं. माझ्या बायकोनं ते कधी नेसलं नव्हतं. कुणाला दाखवलंसुद्धा नव्हतं. "त्याला कात्री लावणार, भाऊजी?" ती म्हणाली. "खेळण्यासाठी?" तिचा आवाज चढला होता. साडू हळूच म्हणाले, "सुमीच्या रुखवतात तिच्या आईचं काहीतरी असायला नको का?" बायको आत गेली. बराच वेळ ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज नाही. मला वाटलं, आता वर्षभर दोन्ही घरांत बोलणं बंद. पण ती लुगडं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कात्री मी लावणार. तुम्हाला सरळ कापता येत नाही." ओट्यावर बसून तिनं ते कापलं. कापताना रडत होती आणि साडूंना ओरडत होती, "धरा नीट! ओढू नका! काय मेलं कापड धरता येत नाही आणि विमान बांधायला निघालेत!"

धडाचा रंग त्या लुगड्याशी जुळला पाहिजे असा हट्ट होता. विणकर रंगाची वाटी घेऊन येई, साडू लुगड्याचा तुकडा शेजारी धरून उन्हात बघत, सावलीत बघत आणि म्हणत, "हे वांगी झालं. अंजिरी पाहिजे." दिवाण वाटी घेऊन परत जाई. अखेर एका दुपारी रंग जमला तेव्हा साडू तो तुकडा धडावर ठेवून म्हणाले, "कुठं संपतंय ते सांगा बघू." खरंच कळत नव्हतं. आता कापड ताठ कसं ठेवायचं? खऱ्या विमानाला कसलंसं रोगण लावतात म्हणे. आमच्या पेठेत ते कुठलं! पण ताण्याच्या सुताला लावायची जोंधळ्याच्या पिठाची खळ होती, दिवाणाच्या दाराशी कढई भरून. तीच दोन्ही पंखांना आणि शेपटाला दिली. वाळल्यावर कापड असं कडक झालं, की टिचकी मारली तर टणटण वाजावं आणि वाकवलं तर कडकन मोडावं. या खळीनंच पुढं घात केला.

लग्नाच्या सकाळी मांडवात रुखवत मांडलं. माझ्या बायकोनं रात्रीचा दिवस करून लाडू, चिरोटे, कुरडया, पापड सगळं केलं होतं. मधोमध, साखरेच्या फळांच्या आणि पापडांच्या चळतींमध्ये, सोलापूर सरकारचं विमान. काय दिसत होतं म्हणून सांगू! उन्हाची तिरीप पंखावर पडली होती आणि रुईफुली काठ झळकत होता. चुलतसासूबाईसुद्धा गप्प झाल्या, याहून मोठा दाखला मला देता येणार नाही. माझा ऊर भरून आला. आमच्या ओट्यावर झालेली वस्तू आहे, असं मी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत सुटलो. जणू मीच घासली होती.

पुण्याचं वऱ्हाड रुखवत बघायला आलं. पुढं व्याही. हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, मिशा मोजून कापलेल्या, बोलणंही तसंच मोजकं. त्यांचा हात धरून त्यांच्या वृद्ध आत्याबाई. त्यांना डोळ्यांनी बेताचंच दिसे, पण मान पहिला. रुखवत म्हणजे खायचा जिन्नस हे त्यांच्या लहानपणापासून पक्कं. त्यांनी हात पुढं केला, हाताला काहीतरी पातळ, कडक लागलं, त्यांनी ते कडकन मोडलं आणि तोंडात घातलं. विमानाच्या शेपटाचा कोपरा होता तो! आत्याबाई शांतपणे चावत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पापड बरा आहे हो, पण मीठ कमी पडलंय. आणि जरा चिवट."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. पुणेकर पोरांनी तर ताळ सोडला. सुमी बायकांच्या घोळक्यात उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी साडूंकडे पाहिलं. आता हा मनुष्य काहीतरी बोलणार आणि लग्न मोडणार, असं मला वाटलं. ते पुढं झाले, आत्याबाईंपुढे वाकले आणि म्हणाले, "चुकलंच आत्याबाई. पुढच्या वेळी मीठ घालू." आणि पाण्याचं भांडं त्यांच्या हातात दिलं.

व्याही ओशाळले. आत्याच्या हातातला उरलेला तुकडा त्यांनी हळूच काढून घेतला आणि वेळ सावरायला विचारलं, "हे विमान कुणाचं म्हणायचं? अक्षरं मोडीत दिसतात."

झालं! मी डोळेच मिटले. साडूंनी किल्ल्यापासून सुरुवात केली. शिबंदी, आटलेलं तळं, कंटाळलेला साहेब, जोंधळ्यावरची माफ झालेली जकात, काही म्हणून सोडलं नाही. वऱ्हाड ऐकत होतं. व्याह्यांच्या मिशा हलत नव्हत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि या राज्यात पुणं कुठं येतं?"

साडूंना थाप मारता येत नाही हे मी आधीच सांगितलंय. ते म्हणाले, "पुणं आमच्याकडेच. तालुक्याचं ठिकाण."

पुणेकरांना पुणं तालुक्याचं ठिकाण म्हणून सांगायचं, आणि तेही मुलीच्या मांडवात! व्याह्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मामलेदार नेमलाय का?"

"जागा रिकामी आहे. आपली हरकत नसेल तर आपणच."

व्याही हसले. पोट धरून, मिशांची शिस्त मोडून हसले, आणि सगळा मांडव हसला. पण हे हसणं वेगळं होतं, सुमीच्या चेहऱ्यावर रंग परत आणणारं. व्याही वाकून विमान बारकाईनं बघू लागले. हिशेबखात्याची नजर! "मामलेदार म्हणून एक शंका आहे," ते म्हणाले. "सरकारचं विमान, मग याच्यावर बंदुका कुठं आहेत?"

"नाहीत."

"लढाईचं नाही?"

"नाही." साडूंनी बोटानं दाखवलं. "मागं दोन जागा आहेत, बघा. एक डॉक्टरची आणि एक त्यांच्या पेटीची. हे मिरजेला जातं. इथं एखादी बाई अडली की तार करायची, आणि हे जाऊन डॉक्टरला घेऊन येतं. दीड तासात. कुर्डुवाडीला गाडी बदलायला नको."

ते हे अगदी नेहमीच्या आवाजात बोलले, गाडीवानाला सांगावं तसं. माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. इतके महिने मी ते विमान बघत होतो, त्या दोन जागा बघत होतो, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. पुण्याच्या मंडळींना पुरता उलगडा झाला नसावा, पण मुलीची आई कशानं गेली हे व्याह्यांना ठाऊक होतं. त्यांनी हातातला खळीचा तुकडा शेपटाजवळ नीट ठेवला, साडूंचा हात धरला आणि म्हणाले, "रुखवत पावलं." सुमी घोळक्यातून मान वर करून बापाकडे बघत होती. त्या दिवशी मांडवात तिच्याएवढी ताठ मान दुसऱ्या कुणाची नव्हती.

रुखवत वऱ्हाडाबरोबर जातं. स्टेशनावर सुमी विमान मांडीवर घेऊन बसली होती. शिट्टी झाली तेव्हा दिवसभर राज्यकारभार सांगणारे माझे साडू खिडकीशी जाऊन एवढंच म्हणाले, "पंख आत घे. आणि कुर्डुवाडीला उतरायचं नाही हं, गाडी थेट जाते." नंतर कधी नाक्यावर गाडीवानांनी विमानाची चौकशी केली, तर सांगत, "सध्या तालुक्याच्या ठिकाणी असतं."

पुढं सुमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. टांग्यातून उतरली ती विमान घेऊनच. शेपटाचा कोपरा मोडलेला तसाच होता. सासरी दुरुस्त करू लागले तर तिनं करू दिला नाही म्हणे. साडूंनी बाळंतिणीच्या खोलीत आढ्याला दोरी बांधली, विमान टांगलं आणि होकायंत्राशिवाय, सूर्य बघून, त्याचं नाक मिरजेकडे वळवलं. सुमीचे दिवस भरत आले तशी त्यांनी नाक्यावरून रजा काढली आणि ओट्यावर बसून राहिले. राज्याचा विषयही काढला नाही. दिवाण आला की नुसती मान हलवत.

एका सकाळी पेठेतल्याच सुईणीच्या हातून सुमी सुखरूप सुटली. मुलगी झाली. रडण्याचा आवाज एवढा खणखणीत, की शेजारचा माग थांबला. माझी बायको बाहेर येऊन म्हणाली, "दोघी चांगल्या आहेत भाऊजी." साडू उठले, आत गेले. मी त्यांच्यामागं दारापर्यंत गेलो. त्यांनी आधी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग नातीकडे पाहिलं आणि मग मान वर करून आढ्याकडे पाहिलं. वाऱ्यानं विमानाचा पंखा हळूहळू फिरत होता. त्यांनी हात उंचावून तो बोटानं थांबवला.

"राहू दे बाबा," ते म्हणाले, "आज फेरी वाचली."